पाच वाक्यं आणि एक टी.सी.

दहावीला इंग्रजी शिकवताना ‘होल्ड बॅक’ आलं की मी फळ्यावर पाच वाक्यं लिहून देतो. द डॅम होल्ड्स बॅक द वॉटर, म्हणजे धरण पाणी अडवून धरतं. पोलिसांनी गर्दीला रोखून धरलं. तिला रडू आवरलं नाही. उरलेली दोनही अशीच. मुलं उतरवून घेतात, पाठ करतात, पेपरात जशीच्या तशी लिहितात आणि पास होतात. मीही असाच शिकलो होतो. इतक्या वर्षांत मी त्यातला एक शब्द बदललेला नाही.

नोकरीची पहिली वर्षं मी मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात, उकव्याला काढली. मँगनीजच्या खाणीचं गाव, सभोवती जंगल. लग्न झालेलं नव्हतं. पुढेही झालं नाही. शाळेत सगळा कारभार हिंदीत. संध्याकाळी खोलीवर आलो की दुसऱ्या दिवशी हजेरी घेईपर्यंत तोंडातून शब्द निघत नसे.

खाणीत कामाला असलेल्या एका माणसाने माझ्या हिंदीवरून मी मराठी असल्याचं ओळखलं. म्हणाला, “गुरुजी, तुमी तं आपल्यातले दिसता. रविवारी घरी या जेवाले.” मी गेलो, आणि मग दर रविवारी जात राहिलो. वरण-भात, बरबटीची भाजी, जाड पोळी. त्याची बायको वाढता वाढता म्हणायची, “एवढंसंच खाता, म्हणून तं तुमाले कोणी पोरगी देऊन नाही राह्यलं!” सगळे हसायचे. मीही हसायचो. आठवड्यातलं माझं हसणं तेवढंच.

त्यांची मोठी मुलगी माझ्याच वर्गात, दहावीत होती. तिने त्या पाच वाक्यांखाली वहीत आणखी दोन लिहिली होती, तिची स्वतःची. आय विल नॉट होल्ड बॅक. आय विल स्टडी इन बालाघाट. मी त्यांवर लाल रेघ ओढली आणि बाजूला शेरा दिला: पाचच मागितली होती.

ती चांगल्या मार्कांनी पास झाली. आमची शाळा दहावीपर्यंतच. अकरावीसाठी बालाघाटला मावशीकडे राहायचं तिने ठरवलं होतं. त्यासाठी शाळेची टी.सी., म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला हवा, त्या कागदाशिवाय दुसरी शाळा दारात उभं करत नाही. आमच्या शाळेत बाबू, म्हणजे कारकून नव्हता, म्हणून टी.सी. लिहायचं काम माझ्याकडे होतं. मी तिची लिहिली, मोठ्या सरांची सही घेतली, शिक्का मारला आणि ड्रॉवरमध्ये ठेवली.

त्या रविवारी तिचा बाप जेवताना हळूच बोलला. मुलगी पाणी आणायला गेली होती.

“गुरुजी, तिच्या मायची कंबर गेली. खाली दोन लहान. घर कोण पाहीन? मी नाही म्हटलं तं पोरगी जेवन सोडते. तुमीच तो कागद थांबवून ठेवा. कागदच नाही म्हटल्यावर वादच खलास.”

आमच्या भागात असं चालत असे. मुलीला नाही म्हणायचं बापाच्या जिवावर आलं की तो शाळेला सांगायचा, आणि शाळा कागद दाबून ठेवायची. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. ताटात वरण पडत होतं, मी भात कालवत राहिलो.

सोमवारी ती आली. “सर, झाली का टी.सी.?”

“मोठ्या सरांची सही राह्यली.”

गुरुवारी पुन्हा आली. मी म्हटलं, शिक्का तालुक्याला, बैहरला गेला आहे. शिक्का माझ्या कोपराजवळ टेबलावर होता, त्यावर मी हजेरीपट उघडून ठेवला. तिसऱ्यांदा आली तेव्हा मावशीने फॉर्म आणून ठेवल्याचं सांगत होती. मी काही तरी पुटपुटलो. तर तीच मला म्हणाली, “सर, तुमी नका परेशान होऊ. तुमी तं करूनच राह्यले ना.”

प्रवेशाची शेवटची तारीख गेली. त्यानंतर चार दिवसांनी मी टी.सी. तिच्या हातात दिली. तिने ती वाचली आणि पिशवीत ठेवली. पुढच्या रविवारी मी जेवायला गेलो. त्या दिवशी वाढायला तीच होती. मी दुसऱ्यांदा भात घेतला.

बापाचा शब्द कसा मोडायचा, त्यांच्या घरचा प्रश्न, मी कोण, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. ते खरं नाही. मी नाही म्हटलं असतं, तर ते घर मला बंद झालं असतं, एवढंच होतं. एका ताटासाठी मी तिचं वर्ष घेतलं. आणि ते एक वर्षच नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. लवकरच माझी बदली बालाघाटला झाली. ते ताटही गेलं.

गेल्या जूनमध्ये बाबू सुट्टीवर होता, म्हणून टी.सी. द्यायला मी बसलो होतो. एक बाई मुलीला घेऊन आली. “सर, वळखलं का?” मी ओळखलं नाही. मग ती हसली आणि तिथेच उभ्या उभ्या म्हणाली, “द डॅम होल्ड्स बॅक द वॉटर. पाचही पाठ आहेत सर, अजून!”

ती आता बालाघाटलाच राहते, ब्लाऊज शिवते. मुलगी दुसऱ्या तुकडीत होती, म्हणून मला पत्ता नव्हता. आता जबलपूरला अकरावीला चालली होती. आई तिला हिंदीत म्हणाली, “ये वही सर हैं. मेरी टी.सी. के लिए कितना दौड़े थे. पैर छू.”

मुलगी वाकली. मी पाय मागे घेतले.

“मी दौडलो नव्हतो,” मी म्हटलं. “तुझी टी.सी. तयार होती. सही, शिक्का, सगळं. ड्रॉवरमध्ये होती. मी दिली नाही.”

तिने विचारलं, “बाबानं सांगतलं होतं?”

“हौ. पण ठेवली मी.”

मग ती म्हणाली, “तुमी तं आमच्या घरी जेवाले येत होते, सर.”

मी मुलीची टी.सी. पुढे सरकवली. तिने ती उचलली, नाव वाचलं, जन्मतारीख वाचली, सही पाहिली, शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग मुलीला विचारलं, “देख तो, सब ठीक है ना? कुछ रहा तो नहीं?” मुलीने पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

दोघी निघाल्या. दाराशी मुलगी मला नमस्कार करायला वळली, तर आईने तिचा दंड धरला आणि तिला बाहेर नेलं.