वरून आलेला मेल

झरी जामणीतल्या एका निवासी शाळेत मी लिपिक आहे. मुलींचे दाखले, आधार, फोटो, आईबापांचे फोन नंबर, सगळं शासनाच्या पोर्टलवर चढवायचं काम माझं. पासवर्ड दोघांनाच माहीत, मुख्याध्यापकांना आणि मला.

त्या दुपारी सरांचा फोन आला. ते मीटिंगसाठी यवतमाळला गेले होते.

"मॅडम, वरून मेल आला हाये. पाच वाजेपर्यंत पडताळणी नाही केली तर पोर्टलचं खातं बंद. मी मोबाइलवरूनच पासवर्ड भरून टाकला. तुम्ही एकदा पाहून घ्या."

शाळेचा मेल उघडला आणि पहिल्याच ओळीला माझ्या मनात पाल चुकचुकली. 'प्रिय वापरकर्ता.' इतक्या वर्षांत वरच्या ऑफिसनं आम्हाला कधी प्रिय म्हटलेलं नाही, तिथून नुसते खुलासे मागवले जातात. जावक क्रमांक नाही, संदर्भ नाही, सहीचा पत्ता नाही. पाठवणाऱ्याच्या नावावर क्लिक केलं तर मागे भलताच पत्ता निघाला. सरांची अख्खी नोकरी सरकारी कागद वाचण्यात गेली, त्यांना हे दिसू नये? पण 'वरून आलं' म्हटलं की आधी करायचं आणि मग वाचायचं, ही आमची जुनी खोड.

मेलमधल्या लिंकला मी हात लावला नाही. पोर्टल नेहमीसारखं वेगळं उघडलं. शेवटचं लॉगिन माझंच, सकाळचं दिसत होतं, म्हणजे अजून कुणी आत शिरलं नव्हतं. पासवर्ड बदलला आणि भिंतीवरच्या यादीतला नंबर बघून जिल्हा ऑफिसला फोन लावला. त्यांनी असा मेल पाठवलाच नव्हता.

सरांना फोन करून सांगितलं, बाकीच्या शाळांनाही कळवते म्हटलं.

"बदलला ना पासवर्ड? मंग कायले बोभाटा करता? बाकीच्या शाळावाले हसतील मले."

"हसू द्या सर. त्यांलेबी हाच मेल आला असन."

"मेमो काढीन मी मॅडम."

"काढा."

मेमोची भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण रागच जास्त होता. या मुलींच्या आयांनी माझ्या भरवशावर घरचे कागद माझ्या टेबलावर आणून ठेवले होते. सरांची लाज त्या भरवशापेक्षा मोठी नव्हती. शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी लिहिलं, 'आमच्या शाळेतून पासवर्ड फसव्या मेलला गेला. तुम्ही भरला असेल तर आत्ता बदला, जिल्हा ऑफिसला कळवा.' खाली माझं पूर्ण नाव टाकलं.

ग्रुपवर नुसत्या मेसेज वाचल्याच्या खुणा उमटल्या. मग फोन सुरू झाले. दोन शाळांनी भरला होता. तिसरा फोन एका लिपिक बाईंचा, अगदी दबक्या आवाजात.

"ताई, आमच्याबी सरांनी भरला. आतल्या खोलीत बसून हायेत. म्हणतात, कोणाले सांगू नको."

"पासवर्ड बदला आधी," मी म्हटलं. "मग फोन आत नेऊन सरांना द्या. त्यांच्याशी मी बोलते."