गेटवर ठेवलेला फोन

डाळ आंबल्याचा फोन आला तेव्हा मी उद्याच्या जेवणाचा मेसेज टाइप करत होते. उद्या खिचडी-कढी होती. अर्धं वाक्य तसंच सोडून मी फोन कानाला लावला.

आमच्या ट्रस्टच्या बडोद्यात काही शाळा आहेत. सगळ्यांचं दुपारचं जेवण एकाच स्वयंपाकघरात शिजतं आणि मोठ्या स्टीलच्या डब्यांतून टेम्पोने शाळाशाळांत जातं. माझी नोकरी पालकांना खबर देण्याची. जेवायला काय, बस उशिरा का, सुट्टी कधी, काविळीची साथ आहे तर पाणी उकळून द्या. अलकापुरीतल्या ऑफिसात माझ्या टेबलावर कम्युनिकेशन को-ऑर्डिनेटर अशी पाटी आहे. घरी माझे यजमान म्हणतात, दवंडीवाली. मला ते जास्त पटतं.

दिवस एप्रिलचे होते. डाळ गरम असतानाच झाकणं घट्ट लावली, टेम्पो कुठेतरी उन्हात अडकला, आणि शहराच्या कडेला, बाजवा गावातल्या आमच्या शाळेत डबे उघडले तर आंबूस वास. मुख्याध्यापिकेने चमचाभर चाखून डबे बंद केले. एकाही मुलाच्या ताटात ती डाळ पडली नाही. इथपर्यंत सगळं नियमाप्रमाणे झालं. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचंही बरंचसं नियमाप्रमाणेच झालं.

आमचे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर महेंद्रभाई माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. माणूस वाईट नाही. पण कुठलंही काम 'पती गयुं', म्हणजे संपलं, हे ऐकायची त्यांना भारी घाई.

"मोठी मुलं बिस्किटांवर काढतील," ते म्हणाले. "पहिली-दुसरीच्या पोरांना चारपर्यंत उपाशी कसं ठेवणार? बसने घरी सोडू. मेसेज नाखी दो, सुलभाबेन."

मी गुजरातीत चार ओळी लिहिल्या. आज भोजन देता येत नाही, लहान मुलांना आत्ता बसने सोडत आहोत, नेहमीच्या स्टॉपवर घ्यायला या. बटण दाबलं. स्क्रीनवर एकेका नंबरापुढे हिरवं डिलिव्हर्ड उमटायला लागलं.

डिलिव्हर्ड म्हणजे मेसेज त्या फोनपर्यंत पोचला. वाचला, असं नव्हे. पोस्टमनने पाकीट दाराच्या फटीतून आत सरकवलं, एवढाच त्याचा अर्थ. घरात कोणी आहे की नाही हे पोस्टमनला ठाऊक नसतं.

बाजव्याच्या शाळेतल्या बऱ्याच मुलांचे वडील आसपासच्या केमिकल प्लँटमध्ये कामाला आहेत. अशा प्लँटमध्ये मोबाईल आत नेता येत नाही. ठिणगी पडली तर काय, म्हणून फोन गेटवर लॉकरमध्ये ठेवायचा आणि शिफ्ट संपली की घ्यायचा. माझ्या यजमानांनी त्याच पट्ट्यात नोकरी केली. ते ड्युटीवर असताना मी त्यांच्या मोबाईलवर कधी फोन केला नाही. अगदीच अडलं तर सिक्युरिटी केबिनच्या लँडलाइनवर करायचे. बाजव्यात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.

आणि आमच्याकडे प्रत्येक मुलापुढे एकच नंबर. वडलांचा. अ‍ॅडमिशनच्या वेळी मी म्हटलं होतं, आईचाही घेऊ या.

"दोन नंबर घेतले की दोघं फोन करतात," महेंद्रभाई म्हणाले होते. "नवरा-बायकोचं बिनसलेलं असलं तर आपण मध्ये. एका घराचा एक नंबर. घरात सांगायचं काम त्यांचं." विषय तिथेच मिटला. दुसऱ्यांदा तेच सांगणाऱ्या बाईला ऑफिसात कटकटी म्हणतात, आणि ती पदवी मला आधीच मिळालेली होती.

थोड्या वेळाने बसमधून जशीमासींचा फोन आला. मासी म्हणजे बसमध्ये मुलांना चढवणारी-उतरवणारी बाई. स्टॉपवर घरचं माणूस असल्याशिवाय लहान मूल खाली उतरवायचं नाही, हा तिचा पहिला नियम.

"बेन, ध्रुवीला घ्यायला कोणी नाही आलं. बाकीची पोरं रडतायत, भूक लागलीय. काय करू?"

ध्रुवी पहिलीतली. मी नंबर बघितला. वडील जिग्नेशभाई. पुढे हिरवं डिलिव्हर्ड.

"बसमध्येच ठेवा तिला," मी म्हटलं.

महेंद्रभाई माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होते. "डिलिव्हर्ड तो छे," ते म्हणाले. "म्हणजे कळलंय. येत असतील. बस परत शाळेत यायचीय, दुसरी खेप उभी आहे."

"फोनला कळलंय, माणसाला नाही. तो ड्युटीवर असणार."

"मग बायकोला कळवलं असेल." त्यांनी माझ्या हातून फोन घेतला. "मासी, सोसायटी समोरच आहे ना? मग उतरवा."

मासीने पुन्हा एकदा विचारलं, "पक्कं?" ते मला पलीकडून ऐकू आलं. महेंद्रभाई म्हणाले, पक्कं.

ध्रुवी जिना चढून गेली तर दाराला कुलूप. तिची आई भावनाबेन मोठ्या रस्त्यापलीकडे खाखऱ्याच्या गृहउद्योगात खाखरे लाटायला जाते. लेक चारला येणार, या हिशेबाने ती साडेतीनला निघायची. तिच्याकडे मोबाईल होता, चालू होता, पिठाच्या डब्यावर ठेवलेला होता. तो नंबर फक्त आमच्याकडे नव्हता. ध्रुवी काही वेळ दारात बसली असावी. दप्तर तिथेच सापडलं. मग भूक लागली म्हणून आईकडे निघाली. रस्ता तिला माहीत होता, आईबरोबर गेलेली होती. ओलांडताना लोडिंग रिक्षाने उडवलं.

मला फोन आला तो एका अनोळखी माणसाचा. मागे हॉर्न वाजत होते. "आ छोकरी तमारी स्कूलनी छे?" ध्रुवीच्या गळ्यातल्या आय-कार्डावर वडलांचा नंबर होता. त्या भल्या माणसाने तो पुन्हा पुन्हा लावला. रिंग जाते, कोणी उचलत नाही. शेवटी त्याने कार्डाच्या मागचा ऑफिसचा नंबर लावला.

"जिवंत आहे ना?" मी विचारलं.

"हो बेन. पायाला लागलंय. बहु रडे छे."

मी यजमानांना फोन करून अ‍ॅडमिशन फॉर्मवरचं जिग्नेशभाईंच्या प्लँटचं नाव सांगितलं. त्यांनी एका जुन्या सहकाऱ्याला विचारून केबिनचा लँडलाइन नंबर दिला. मी तो लावला. गार्डने आतल्या फोनवरून कंट्रोल रूमला निरोप दिला आणि जिग्नेशभाई धावत बाहेर आले. इतकं सोपं होतं ते. मला राग येतो तो या सोपेपणाचाच.

हॉस्पिटलात मी पोचले तेव्हा भावनाबेन आतल्या दाराशी उभी होती, नवऱ्याचा फोन आल्यावर कामावरून तशीच धावत आलेली, कोपरापर्यंत पीठ. जिग्नेशभाई बाकावर मोबाईल धरून बसले होते. त्यांनी स्क्रीन माझ्यापुढे केली. वर त्या माणसाचे मिस्ड कॉल, खाली आमच्या चार ओळी. "मेसेज तो आव्यो छे, बेन," ते म्हणाले. चोरी पकडली गेल्यासारखा त्यांचा चेहरा होता. मी सांगितलं, यात तुमची काही चूक नाही. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलं नाही.

मांडीचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. ध्रुवी आता चालते, पण एक पाय ओढत.

ट्रस्टने चौकशी समिती नेमली. समितीने मला दोनच गोष्टी विचारल्या. मेसेज गेला का? डिलिव्हर्ड झाला का? मी लेखी उत्तर दिलं की झाला, पण फोन त्या वेळी प्लँटच्या गेटवर लॉकरमध्ये होता, आणि मासीने दोनदा विचारल्यावर तिला मुलीला उतरवायला सांगण्यात आलं.

"विचारलंय तेवढंच लिहा ने," महेंद्रभाई म्हणाले.

"झालं तेवढंच लिहिलंय."

समितीने त्यातला 'झाला' एवढाच शब्द घेतला. पालकांना वेळेत कळवण्यात आलं होतं, असा निष्कर्ष निघाला. नियम मोडला म्हणून जशीमासीला काढलं. महेंद्रभाई आपल्या जागी राहिले आणि मीही राहिले. जूनमध्ये फॉर्मवर एक नवी ओळ आली, शाळेच्या वेळेत मोबाईल चालू आणि जवळ ठेवण्याची जबाबदारी पालकांची. जिग्नेशभाईंनी त्याखाली मुकाट सही केली आणि तसेच ड्युटीवर गेले. जाताना गेटवर फोन ठेवला असणारच.

प्लँटच्या गेटांचे नंबर आता माझ्या मोबाईलमध्ये आहेत. आयांचेही, जेवढ्या देतील तेवढ्यांचे. हे मला कोणी सांगितलेलं नाही आणि कुठल्या नियमात बसत नाही. 'पालकांना कळवलं' असं कोणी म्हणालं की मी विचारते, कोणाला? लोकांना कंटाळा येतो.

मध्यंतरी कामासाठी बाजव्याच्या शाळेत गेले होते. गेटसमोर सोडावाल्याच्या लारीशेजारी भावनाबेन बसलेली दिसली. वॉचमन म्हणाला, रोज बसते, शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत. खाखऱ्याचं काम तिने सोडलंय. मी जवळ गेले.

"घरी जा, भावनाबेन. काही झालं तर मी स्वतः तुम्हाला फोन करीन. तुमचा नंबर आहे माझ्याकडे."

"तमे तो सारां छो, बेन, तुम्ही चांगल्याच आहात," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. उलट मलाच समजावल्यासारखं म्हणाली, "मेसेज तर त्या दिवशीही आला होता. हूं अहीं ज बेसीश, इथेच."

इतक्या वर्षांत माझ्या कामावर बरेच शेरे मिळाले, बहुतेक चांगलेच. खरा तेवढा हाच. मी तिला पुन्हा घरी जायला सांगितलं नाही.