भाऊमास्तरांची गळलेली पाकळी

रेवदंड्याच्या आमच्या शाळेत ड्रॉइंग शिकवणारे भाऊमास्तर रोज सकाळी लोकांच्या वाड्यांत शिरून खाली पडलेली फुलं वेचायचे. कोणी हटकलं तर म्हणायचे, “झाडावरची देवाला, खालची मला. भांडण कशाला?” मी गणिताचा मास्तर. चित्रातलं मला ओ की ठो कळत नसे, पण माणूस फार आवडायचा.

हे वेड त्यांना लावलं एका अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी. मायदेशी परतताना त्यांनी भाऊंना तिकडच्या मासिकातलं एक रंगीत पान दिलं होतं. काचेच्या पेल्यात गुलाब, खाली मेजावर गळलेल्या दोन पाकळ्या. बस्स! “देव नाही, राजा नाही, नुसती फुलं! तिकडचे चित्रकार अख्खं चित्र फुलांवर काढतात, मास्तर. आणि ह्या पाकळ्या पडल्यात ना, म्हणून वरचं फूल जिवंत वाटतं.” हे भाऊंनी मला निदान पन्नास वेळा ऐकवलं असेल.

मग मुंबईच्या प्रदर्शनासाठी त्यांनी स्वतः तसंच एक चित्र काढायला घेतलं. पितळेच्या गडूत सोनचाफा, पाटावर एक गळलेली पाकळी. चार महिने खपत होते. वहिनींना मात्र ते डोळ्यांसमोर नको असे. “गळलेलं फूल म्हणजे निर्माल्य. ते पाण्यात सोडायचं की घरात मांडून ठेवायचं?” भाऊ हसायचे. “अगं, रंग आहे तो. रंगाला कसलं आलंय निर्माल्य!”

त्यातच त्यांच्या इंदूला विषमज्वर झाला. नऊ वर्षांची, एकुलती एक पोर. वैद्यांनी मान हलवली तशी वहिनींनी भाऊंचे पाय धरले. “पुसा हो ती पाकळी! माझ्या लेकीसाठी पुसा!” मला रागच आला. म्हटलं, “वहिनी, चित्रानं कधी ताप येतो का?” भाऊंनी मला हातानंच गप्प केलं. कुंचला घेतला आणि पाकळीवर पाटाचा रंग चढवला. चित्राची पार रया गेली. ते माझ्यासारख्यालाही दिसलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी इंदू गेली.

पंधरा दिवसांनी मी भेटायला गेलो, तेव्हा वहिनी चित्रासमोर बसल्या होत्या. “चार महिन्यांची मेहनत मी मातीत घातली,” त्या भाऊंना म्हणाल्या, “आणि पोरही राहिली नाही. माझ्या वेडेपणाला तुम्ही मान दिलात.”

“तुझ्यासाठी नाही गं पुसली,” भाऊ म्हणाले. “पुसली आणि तिच्या उशाशी जाऊन बसलो. मला खरंच वाटलं होतं, आता इंदू डोळे उघडेल.”

ते ढसाढसा रडायला लागले. मी चपला घालून बाहेर आलो.