बदकाची वाटी

वाढदिवस वरच्या मजल्यावर होता. परत आली तेव्हा माझ्या मुलीच्या हातात पुठ्ठ्याचा एक डबा होता. डब्याला भोकं पाडलेली, वरून गुलाबी रिबन, आणि आत बदकाचं पिवळं पिल्लू. पार्टीला आलेल्या प्रत्येक मुलाला असा डबा मिळाला होता. याला रिटर्न गिफ्ट म्हणतात. मी तालुक्याच्या गावी वाढले, तिथे आमच्या वस्तीत वाढदिवस करायची पद्धतच नव्हती. त्यामुळे यातले रीतिरिवाज मी पुण्यात येऊन शिकले. रंगपेटी, पाण्याची बाटली, झालंच तर गोष्टीचं पुस्तक, इथवर मला माहीत होतं. जिवंत जीव रिबन बांधून देतात हे नवीन होतं.

"सगळ्यांना एकेक दिलं," मुलगी आनंदाने म्हणाली. "आधी ती सगळी एकाच खोक्यात होती, आई. एकमेकांच्या अंगावर चढून झोपली होती. मग काकूंनी एकेक उचलून डब्यात घातलं."

मला अजूनही राग येतो तो या वाक्याचा. पिल्लं वाटली याचा तर येतोच, पण एकेक वाटली याचा जास्त. मुलांमध्ये भांडणं नकोत, कुणाला कमी-जास्त नको, म्हणून काटेकोर समान वाटणी. माणसांच्या मुलांना न्याय मिळावा म्हणून पिल्लांची ताटातूट.

खडकीला आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये इमारतीचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्या संध्याकाळी त्यावर धडाधड व्हिडिओ येऊ लागले. टबात बदक, बादलीत बदक, बेसिनमध्ये बदक. "बघा किती छान पोहतंय!" खाली टाळ्या आणि हृदयं. बदक म्हटलं की पाणी, एवढं सगळ्यांना चित्रांच्या पुस्तकातून पाठ होतं. आमच्याही घरी मुलीने बादली भरली होती. मी ती हातातून घेतली, याचं श्रेय माझ्या हुशारीला नाही. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र होतं आणि पक्ष्यांच्या धड्यात एक ओळ होती: इतक्या लहान पिल्लाच्या लवेवर पाणी टिकू न देणारं तेल त्याच्या आईच्या पंखांवरून येतं. आई नसेल तर लव भिजते आणि पिल्लू गारठतं. परीक्षेत ती ओळ कधी विचारली गेली नाही. मला शिकवण्यासाठी आई-बाबांनी जे सोसलं त्यातलं थोडं त्या संध्याकाळी कामी आलं, असं मला वाटलं.

मी ग्रुपवर लिहिलं, "कृपया पिल्लांना पाण्यात सोडू नका, आधी कोरडं करून ऊब द्या."

उत्तर आलं, "ताई, बदक आहे ते. मांजर नाही." त्याखाली हसण्याच्या खुणांची रांग.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ग्रुपवर एकही नवा व्हिडिओ आला नाही. कचरा नेणाऱ्या बाईंनी मात्र मला जिन्यात विचारलं, "तुमचं हाय का अजून?"

आमचं होतं. आता इमारतीत तेवढं एकच.

खोक्यात गोणपाट अंथरलं, कारण गुळगुळीत फरशीवर त्याचे पाय फाकत होते. वर जुना पिवळा बल्ब टांगला. कोंबडीच्या पिल्लांचं भरडलेलं खाद्य आणलं, मेथी बारीक चिरून घातली. सगळं खात होतं. पण खोलीतून माणूस बाहेर पडलं की ओरडायला लागायचं. ते ओरडणं मी कधी विसरणार नाही. भुकेचं नव्हतं, दुखण्याचं नव्हतं. एकाच सुरात, न थांबता, कुणीतरी उत्तर देईपर्यंत. त्याच्या जातीत त्याला उत्तर द्यायला आसपास दहा जण असतात. इथे आम्ही होतो. नवऱ्याची शिफ्ट, माझं ऑफिस, मुलीची शाळा.

मी त्याच्यासमोर आरसा ठेवला. ते आरशाला टेकून झोपू लागलं. ते बघून शेजारच्या काकू म्हणाल्या, "पार्लर उघडलं वाटतं बदकाचं!" मीही हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी आपटली.

खायला बोलावताना मुलगी स्टीलची वाटी चमच्याने वाजवायची. टिंग टिंग झालं की ते घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून लगबगीने, पंखांचे खुंट उडवत यायचं. मग वाटी रिकामी असली तरी यायचं. पुढेपुढे ते फक्त माझ्या मागे चालायला लागलं. मी ओट्याशी, ते पायाशी. मी बाथरूममध्ये, ते दाराशी ओरडत. मी कपडे वाळत घालायला खाली उतरले की तेही एकेक पायरी धपकन पडत माझ्यामागे. लोक थांबून बघत. मोबाइल निघत.

"अय्या, किती प्रेम करतं तुमच्यावर!"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की शेवटी एकदा वरच्या वहिनींना, म्हणजे ज्यांच्या घरी तो वाढदिवस होता त्यांना, जिन्यातच उत्तर दिलं.

"प्रेम नाही हो वहिनी. दुसरं कुणी नाहीये त्याला."

"अहो, एवढं काय त्यात? मुलांना मजा आली ना? बाकी कुणाची तक्रार नाही आली."

"बाकीच्यांची मेली."

"छोटे जीव असतात, जातातच," वहिनी म्हणाल्या, आणि मग समजुतीच्या सुरात, "तुम्ही फार मनावर घेता."

मी मनावर घेते हे खरं आहे. त्याला कारण आहे. एम.एस्सी.साठी मी पहिल्यांदा पुण्यात आले तेव्हा हॉस्टेलवर माझ्या भागातलं कुणी नव्हतं. मी कुणाशी बोलायची नाही, कारण तोंड उघडलं की लोक माझे शब्द पुन्हा म्हणून दाखवायचे. रेक्टर बाई माझं उदाहरण इतर मुलींना द्यायच्या: किती शांत, किती समजूतदार, कसला त्रास नाही. मी समजूतदार नव्हते. मी एकटी होते. एक दिवस वरच्या वर्गातली, नव्याने राहायला आलेली, आमच्याच भंडाऱ्याकडची एक मुलगी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चाल वं, जेवाले." एवढंच. त्या दिवशी मी पोटभर जेवले आणि ताटावर बसून रडले. त्या मुलीचे उपकार मी आजन्म विसरणार नाही. एकटेपणाला लोक गोड नाव देतात तेव्हा मला तो रेक्टर बाईंचा आवाज ऐकू येतो.

म्हणून ठरवलं, याला याची माणसं, म्हणजे याची बदकं, मिळवून द्यायची. आणि ते लवकर करायला हवं होतं. लव जाऊन पांढरी पिसं फुटली होती. जितकं मोठं होईल तितकं आपण कोण आहोत हे त्याच्या डोक्यात पक्कं बसणार होतं, आणि त्याच्या हिशेबी ते माझ्या जातीचं होतं.

त्याआधी एकदा डॉक्टरांना दाखवावं म्हणून मी त्याला दवाखान्यात घेऊन गेले. तिथे मांजरी होत्या, कुत्रे होते, एका कुत्र्याच्या अंगात स्वेटर होता. डॉक्टरांनी पिशवीत डोकावून बघितलं. "बदकं आम्ही बघत नाही. आणि खरं सांगू का मॅडम, कशाला खर्च करता? आणखी थोडं वाढू द्या, मग..." आणि हाताने घास घेतल्याची खूण करून हसले. बाकावरचे लोकही हसले. मी बदक खात नाही असं काही म्हणायचं नाही मला. आमच्या घरी सगळं खातात. पण हातात श्वास घेणारा जीव घेऊन कुणी दारात आलं असताना हसायचं नसतं, एवढं मला शाळेत नाही, घरी शिकवलं होतं.

घरी, म्हणजे गावी, आईला फोन केला. ती म्हणाली, "याच्यासाठी शिकवलं का वं तुले? बदकं चाराले?" आणि मग बराच वेळ हसून, "जेवते का ते नीट?"

ऑफिसातल्या एका मैत्रिणीचं सासर शहराच्या कडेला, जिथे अजून शेतं उरली आहेत तिथे आहे. त्यांच्या शेततळ्यावर बदकांचा कळप होता. एका रविवारी आम्ही तिघं रिक्षाने बदक घेऊन गेलो. तळ्याकाठी पिशवी उघडली. समोर डझनभर बदकं आपसात बोलत चालली होती. आमच्या बदकाने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि ते माझ्या साडीमागे लपलं. एका मोठ्या बदकाने पुढे येऊन त्याला टोचलं. ते ओरडत माझ्या पायांवर चढायला लागलं.

"भ्यालंय," मैत्रिणीच्या सासूबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे त्याला जाळीत, त्यांच्या शेजारी. दिसत ऱ्हातील एकमेकांना. पण ताई, तुमी आता जावा. तुमी दिसताय तवर ते तुमच्याकडंच बघणार."

मुलगी म्हणाली, "मग आम्ही रोज नाही तर दर रविवारी येऊ ना?"

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मुलीकडे पाहिलं. उत्तर मलाच द्यावं लागलं.

आम्ही निघालो तेव्हा ते जाळीला छाती लावून ओरडत होतं. रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "काय राहिलं का?" नवरा म्हणाला, "नाही. चला."

मैत्रीण ऑफिसात बातम्या आणायची. आधी खात नव्हतं. मग खायला लागलं. मग जाळी काढली, तर जाळी होती त्याच जागी बसून राहिलं. मला काम सुचत नव्हतं. एक दिवस ती म्हणाली, "आज पाण्यात गेलं. सगळ्यात मागे, पण गेलं."

पावसाळा संपल्यावर आम्ही एकदा बघायला गेलो. लांबून बघायचं, या अटीवर. मुलीने निघताना ती स्टीलची वाटी चमच्यासकट दप्तरात घातली. कडब्याच्या गंजीमागे उभं राहून आम्ही तळ्याकडे बघत होतो. कळपात सारखीच पांढरी बदकं होती आणि त्यातलं आमचं कुठलं ते मला ओळखता येईना. मला याचा इतका आनंद झाला की काय सांगू. मुलीला मात्र ओळखायचं होतं.

"एकदाच वाजवते, आई. कोण वळून बघतं ते बघू. एकदाच."

मी तिला सांगितलं की ते नक्की वळून बघेल. वळेल आणि पळत येईल, कळप सोडून. मग आपल्याला पुन्हा निघावं लागेल, आणि ते पुन्हा तसंच आपल्यामागे ओरडत राहील.

तिने वाटीकडे बघितलं. मग रुमाल काढला, वाटीत चमचा ठेवून दोन्हीभोवती घट्ट गुंडाळला, आणि चालताना खुळखुळ होऊ नये म्हणून दप्तरात न ठेवता पोटाशी धरला. आम्ही गंजीमागूनच, पावलं न वाजवता, परत फिरलो.

"आपण आलो होतो हे त्याला कधीच नाही का कळणार?" तिने रस्त्यावर विचारलं.

"नाही."

नऊ वर्षांच्या मुलीला ज्याच्यावर जीव आहे त्याच्यापासून लपायला शिकावं लागलं, आणि ते का, तर कुणाला तरी रंगपेटीपेक्षा वेगळं काही द्यायचं होतं. घरी आलो तर दारात वरच्या वहिनींच्या दुसऱ्या मुलाच्या वाढदिवसाचं आमंत्रण अडकवलेलं होतं. मी ते हातात घेऊन तशीच वर गेले आणि बेल दाबली. वहिनींनी दार उघडलं.

"या ना! आत या."

"आत नको. मुलगी येईल वाढदिवसाला. फक्त डब्यात काय असणार ते आत्ता सांगा."

वहिनींनी माझ्या हातातल्या आमंत्रणाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "सशाचं ठरत होतं."

"एकेक?"

त्यांनी दाराच्या कडीला हात घातला. मी दारातून हलले नाही.