सातवी चिठ्ठी

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, हे प्रारंभीच नमूद करतो. मी ख्रिस्ती आहे. प्रार्थनेवर माझा विश्वास आहे. पण भुतेखेते, दृष्टांत, स्वप्नातील संकेत यांना मी कधी दारातही उभे केले नाही. चमत्कार जुन्या काळी दूरच्या देशांत घडले, यवतमाळात घडत नाहीत — असे माझे मत होते आणि ते मी मंडळीत बोलूनही दाखवत असे.

माझी नोकरी मोजणी खात्यात झाली. छत्तीस वर्षे मी लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजल्या. जे दोनदा मोजून सारखे येत नाही, ते कागदावर घ्यायचे नाही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. म्हणून पुढील हकिगत घडली त्याच क्रमाने लिहितो. पदरचे काही घालणार नाही.

आमचे चर्च यवतमाळातच, मुख्य रस्त्यापासून थोडे आत आहे. दगडी भिंती, बाकांच्या दोन रांगा, अंगणात कडुनिंब. त्या मंडळीचा मी पंधरा वर्षे वडील आहे. वडील म्हणजे वयाने नव्हे. ते आमच्याकडे निवडून दिलेले पद आहे. चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी आहे. ज्याला कुणासाठी प्रार्थना हवी असेल, तो चिठ्ठी लिहून पेटीत टाकतो. रविवारी उपासनेत मी पेटी उघडतो आणि एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचतो. प्रत्येक चिठ्ठीनंतर मंडळी म्हणते, “प्रभू, ऐक.” उपासना संपली की दारात त्या चिठ्ठ्या वाटल्या जातात. ज्याच्या हाती जी चिठ्ठी येईल, त्याने त्या माणसासाठी आठवडाभर प्रार्थना करायची.

ताप, शस्त्रक्रिया, परीक्षा, हरवलेला बैल — हे सर्व मी वाचत असे. ‘भीती वाटते’, ‘झोप येत नाही’, ‘जगावेसे वाटत नाही’ अशा चिठ्ठ्या वाचत नसे. गुपचूप खिशात टाकत असे. माझ्या मते तो आजार नव्हता, विश्वासाची उणीव होती. आणि कुणाची उणीव चारचौघांत वाचून दाखवणे सभ्यपणाचे नव्हे. मी त्या माणसांवर उपकार करतो आहे, असेच मला वाटे.

माझी मुलगी करुणा. वय चौतीस. एसटीत वाहक आहे, यवतमाळ–राळेगाव फेरीवर. पत्नी गेल्यापासून घरात आम्ही दोघेच.

गेल्याच्या गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, कळंब मागे पडल्यावर, भरलेल्या बसमध्ये करुणाला श्वास घेता येईना. हात बधिर झाले. चालकाने बस बाजूला घेतली, प्रवाशांनी पाणी पाजले. हृदयाची तपासणी झाली. हृदय उत्तम निघाले. मग तसेच पुन्हा घडले. पुन्हा घडले. दसऱ्यापर्यंत अशी स्थिती आली की ड्यूटीवर निघण्यापूर्वी ती अर्धा तास न्हाणीघरात नळ सोडून बसे.

“हृदय चांगले आहे, मग अडचण काय?” मी विचारले.

“भीती वाटते, पप्पा.”

“कशाची?”

“ते माहीत असतं तर तुम्हाला मोजून दिलं असतं.”

“चिंता करायला आपल्याला मनाई आहे. उपवास कर. प्रार्थनेचा वेळ वाढव.”

“वाढवलाय. प्रार्थनेतसुद्धा छाती धडधडते. डॉक्टर म्हणाले, मानसोपचारवाल्यांना दाखवा, समुपदेशन घ्या.”

“आपल्या घरातले कुणी त्या दारात गेलेले नाही.”

“चष्म्याच्या दुकानात गेलात की. तेव्हा म्हणाला नाहीत, की नुसती प्रार्थना करीन, अक्षरं आपोआप दिसतील.”

 मी विषय तेथेच संपवला.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पेटीत सहा चिठ्ठ्या होत्या. सहावी उघडली आणि अक्षर ओळखले. ‘एका बाईसाठी. तिला बसमध्ये श्वास घेता येत नाही. मदत मागायची हिंमत तिला मिळावी.’ नाव नव्हते. करुणा खिडकीजवळच्या चौथ्या बाकावर बसली होती आणि माझ्याकडे पाहत होती.

मी ती चिठ्ठी खिशात टाकली.

तिने मान खाली घातली. घरी आल्यावर मी चिठ्ठी माझ्या जुन्या फील्डबुकात, म्हणजे मोजणीच्या नोंदवहीत ठेवली, फील्डबुक लोखंडी कपाटात ठेवले आणि कुलूप लावले. किल्ली एकच आहे आणि ती माझ्याकडे असते. त्या आठवड्यात करुणा माझ्याशी कामापुरते बोलली. जेवण ताटात तसेच राहू लागले. मी ते पाहिले. काही केले नाही.

दुसरा रविवार. सकाळचे साडेदहा. लख्ख ऊन. कापूसवेचणीचे दिवस, त्यामुळे खेड्यांवरची माणसे आली नव्हती. बाके अर्धी रिकामी. सचिव विल्सन, घरी अंथरुणावर असलेल्यांना पाठवण्यासाठी, नेहमीप्रमाणे मोबाइलवर उपासनेचे चित्रीकरण करत होते. मी पेटी उघडली. चिठ्ठ्या मोजल्या — सहा. सवयीने पुन्हा मोजल्या — सहा. सहा वाचल्या.

हात पुन्हा खाली गेला… आणि हाताला सातवी लागली.

कागद फील्डबुकाच्या पानासारखा, आखीव. अक्षर शिसपेन्सिलीचे. अक्षर माझे. छत्तीस वर्षे नकाशांवर काढलेले अक्षर मी ओळखणार नाही, असे होणार नाही. पण हे सर्व ध्यानात येण्यापूर्वीच मी वाचू लागलो होतो.

“करुणा, माझी मुलगी. सात महिन्यांपासून मनाने आजारी आहे. तिला वैद्य मिळो. तिच्या बापाला समज मिळो.”

साऱ्या माना करुणाकडे वळल्या. एरवी मागच्या बाकावर पोरे कुजबुजत असतात, तीही तिकडे पाहू लागली.  मग शेवटच्या बाकावरून लीलामावशींचा आवाज आला —

“प्रभू, ऐक.”

आणि त्यांच्यामागून साऱ्यांचा.

लीलामावशी चर्च झाडतात, घंटा वाजवतात. वय सत्तरीच्या पुढे. अक्षरओळख नाही, परंतु कोणती चिठ्ठी केव्हा वाचली, हे त्यांना तोंडपाठ असते. उपासना संपली तेव्हा त्या दारात माझ्यासमोर हात पसरून उभ्या राहिल्या.

“पोरीची चिठ्ठी मले द्या.”

मी चिठ्ठी मुठीत धरून त्यांच्याकडे पाहिले.

“काहून पाहून राह्यले? द्या ना. बाकीच्यायले ताप-खोकला वाटा.”

मी चिठ्ठी दिली. त्यांनी ती पदरात बांधली. करुणा मागे येऊन थांबली होती, डोळे पुसत. मावशींनी तिचा दंड धरला.

“अवं पोरी, शास्त्रात तो एक संदेष्टा नाही काय? झाडाखाली बसला अन् म्हणे, देवा, मले उचल आता. मंग देव रागोला काय त्याच्यावर? नाई. पहिले झोपू देल्लं. मंग भाकर देल्ली. बोलला लय मागून.” मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “अन् ह्या तुह्या बापानं भाकरीच्या पहिले उपदेश वाढला!”

करुणा रडता रडता हसली. ते कथानक मी व्यासपीठावरून अनेकदा वाचले होते. त्यातील भाकरीकडे माझे लक्ष कधी गेले नव्हते.

घरी जाताना रस्त्यात ती म्हणाली, “तुम्ही लिहिलीत?”

“नाही.”

“अक्षर कोणाचं होतं?”

“माझे.”

“मग?”

“माहीत नाही.”

“तुमच्या तोंडून ‘माहीत नाही’ पहिल्यांदा ऐकलं.” थोडे चालून ती म्हणाली, “पप्पा, आजही वाचली नसती ना, तर उद्या डेपोत राजीनामा देणार होते.”

“आणि?”

“आणि पुढचं विचारू नका.”

मी विचारले नाही. आजतागायत विचारलेले नाही.

घरी येताच कपाट उघडले. कुलूप जागेवर, फील्डबुक जागेवर. आत ठेवलेली करुणाची चिठ्ठी नव्हती. मी एकेक पान उलटून पाहिले. फील्डबुक झटकले. नव्हती.

मंगळवारी मी तिच्यासोबत मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि शेजारच्या खोलीत समुपदेशक बाईंकडे पाठवले. बाई वयाने करुणाहून लहान. मी आत शिरू लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, “काका, तुम्ही बाहेर बसा.” जन्मभर मी इतरांना हद्दीबाहेर उभे केले होते. त्या दिवशी पन्नास मिनिटे मी स्वतः हद्दीबाहेर, बाकावर बसलो. त्या बाकावर आमच्याच मंडळीतील एक शिक्षक बसलेले होते. आम्ही एकमेकांना पाहिले. त्यांच्या दोन चिठ्ठ्या मी कधीकाळी खिशात टाकल्या होत्या. मी त्यांना सलाम केला आणि शेजारी बसलो.

पुढच्या शनिवारी लीलामावशींच्या घरी गेलो. म्हटले, चिठ्ठी एकदा दाखवा. त्यांनी चहाच्या जुन्या डब्यातून काढून दिली.

ती करुणाची चिठ्ठी होती. करुणाचे अक्षर, निळी शाई. ‘एका बाईसाठी. तिला बसमध्ये श्वास घेता येत नाही…’ शिसपेन्सिलीची एक रेघ नव्हती. करुणाचे नाव नव्हते. बापाचा उल्लेख नव्हता.

“दुसरी आहे काय?” मी विचारले.

“दुसरी कुठून येईन? तुमी देल्ली तेच हाये. काय लिवलं हाये तिच्यावर? रोज हातात धरून बसतो मी, पर वाचता येते कुठं मले.”

“तेच लिहिले आहे,” मी म्हणालो. खोटे बोललो, असे मला वाटत नाही.

विल्सन यांचे चित्रीकरण मी तीनदा पाहिले. आवाज माझा आहे. शब्द मी वर दिले तेच आहेत. सातव्यांदा माझा हात पेटीत जातो, हे दिसते. हातातल्या कागदावर काय आहे, ते दिसत नाही.

वाचक म्हणतील, म्हाताऱ्याच्या मनाला टोचणी लागली होती. चिठ्ठी त्यानेच नकळत नेली आणि कागदावर नव्हते ते वाचले. समुपदेशक बाईही तसेच म्हणाल्या — मन कधी कधी असे करते, काका. मी विचारले, मन कुलूप उघडते काय? त्या हसल्या. म्हणाल्या, “ते माझ्या विषयात येत नाही.” या प्रामाणिकपणाबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटला.

पुढच्या जूनमधला एक रविवार. आमच्याकडे महिन्यातून एकदा साक्षीची वेळ असते. ज्याच्या जीवनात देवाने काही केले असेल, त्याने उभे राहून सांगायचे. करुणाला दुपारची फेरी होती, म्हणून ती खाकी गणवेशातच आली होती. ती उभी राहिली.

“मला चिंतेचा आजार आहे,” ती म्हणाली. “मी गोळी घेते, समुपदेशनाला जाते आणि प्रार्थना करते. तिन्हींतलं काहीच लपवून करत नाही. गोळी सुरू झाल्यावर माझा देवावरचा विश्वास कमी झाला नाही. उलट आता प्रार्थनेला बसले की बसता येतं. ज्यांना माझ्यासारखं होतं त्यांनी सांगा, मी सोबत येते. सोमवारी माझी सुटी असते.”

आवाज कापला नाही. हात बाकावर ठेवलेले होते, स्थिर. मी व्यासपीठाजवळ होतो. मला चष्मा पुसावा लागला.

त्यानंतरच्या रविवारी पेटीत एकोणीस चिठ्ठ्या होत्या. मी एकोणीसच्या एकोणीस वाचल्या. आता एकही खिशात जात नाही. खिशातल्या जुन्या चिठ्ठ्यांपैकी ज्यांची अक्षरे आठवली, त्यांच्या घरी जाऊन आलो. दोघांनी चहा दिला. एकाने दार उघडले नाही. तो त्याचा अधिकार आहे.

सातवी चिठ्ठी कोणी लिहिली, मला ठाऊक नाही. देवाने लिहिली, असे म्हणण्याचे धाडस मी करत नाही. मी लिहिली, असेही म्हणू शकत नाही. ही हद्द मला ठरवता आलेली नाही आणि मी तेथे खूण रोवणार नाही. चिठ्ठी मावशींच्या डब्यातच आहे.

मागच्या महिन्यात एका जुन्या मोजणीच्या कामासाठी साक्ष द्यायला मी राळेगावला गेलो. बस करुणाची होती. गर्दी होती. गर्दीतून वाट काढत ती माझ्याजवळ आली.

“आधार कार्ड, आजोबा.”

“ओळखत नाहीस काय?”

“ड्यूटीवर नाही ओळखत. पंच्याहत्तरच्या वरचे आहात ना? कार्ड दाखवा.”

मी दाखवले. तिने ते नीट पाहिले, फुकट प्रवासाचे शून्याचे तिकीट हातात दिले आणि पुढे गेली. कळंब मागे पडले. ते वळण आले, जेथे त्या एप्रिलमध्ये बस थांबवावी लागली होती. मी तिच्याकडे पाहत होतो. ती दारापाशी उभी होती, एका आजीबाईचे गाठोडे आत ओढून घेत, आणि कुणाला तरी दम देत होती — “सरका ना भाऊ, बस काय तुमच्या एकट्याची आहे?”

शेजारचा प्रवासी कौतुकाने म्हणाला, “लय कडक हायेत बाई. ओळखीच्या हायेत काय तुमच्या?”

“माझी मुलगी आहे,” मी म्हणालो.

आवश्यकतेपेक्षा मोठ्याने म्हणालो. दोनचार माणसांनी वळून पाहिले.