आमटीतली खसखस

ती आमटी अजून जिभेवर आहे, म्हणून ती घटनाही विसरलेलो नाही.

तेव्हा ग्वाल्हेरला किला गेटच्या बाजूचं एक ठाणं माझ्याकडे होतं. निनावी फोन आला. एका जोडप्यानं मुलगी सरकारी पाळणाघरात ठेवली आहे आणि आईबाप दोघंही रिकामटेकडे आहेत. ती सवलत कमावत्या आईबापांसाठीच होती. तक्रार खरी निघाली असती तर पोरीची जागा जाणार आणि वर फसवणुकीचा गुन्हा.

चौकशीला घरी गेलो. भाड्याच्या दोन खोल्या, पण भिंतीवर पूर्वजांची तलवार. पोरीचे आजोबा ताठ मिशांचे. "आमच्या खानदानात सुना काम नाही करत, साहेब," ते म्हणाले. "मुलगा धंद्याचं बघून राहिलाय." मुलगा आणि सून खाली मान घालून उभे. खोटं बोलणारा माणूस हातवारे फार करतो. हे दोघं हातही हलवत नव्हते, आणि आजोबांची बढाई या दोघांच्याच अंगावर येत होती.

तपासाच्या घरी जेवायचं नाही हा माझा नियम. आजोबांनी आग्रहानं वाटीभर आमटी पुढे केली आणि नियम तिथंच बुडाला. चिंचगुळाची, खसखस वाटून घातलेली. पहिल्याच घोटाला ओळख पटली. हीच आमटी रोज दुपारी आमच्या ठाण्यात डब्यातून यायची; डबा शिपाई आत आणायचा, पोचवणाऱ्याला मी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिघांना ठाण्यात बोलावलं आणि टेबलावर तो डबा उघडला. सुनेला हसू आवरेना. मग तिनं सगळं सांगितलं. सिटी सेंटरजवळ एक खोली घेऊन दोघं सकाळपासून डबे करतात. पाळणाघर सुटलं तर डबे बंद, आणि घरची चूलही. आजोबांना हे ठाऊक होतं, पण गल्लीत सांगायची लाज वाटे. त्यांची बढाई ऐकूनच कुणीतरी फोन केला असणार.

मी आजोबांना म्हटलं, काल तुम्ही उलटं सांगितलंत, आता जबाब तुमचा हवा. त्यांनी मिशीवरचा हात खाली घेतला.

"लिहा. माझी सून डबे करते, मुलगा पोचवतो. घर त्यावरच चालतं."

मला त्यांचं फार कौतुक वाटलं. नातीची जागा राहिली.

चोर काय लपवतात ते नोकरीनं शिकवलं होतं. भली माणसं कष्टसुद्धा लपवतात, हे मात्र तिथं कळलं. त्यानंतर कुणी घरातल्या बाईला बिनकामाची म्हटलं, की मी आधी विचारायचो, आज स्वयंपाक कुणी केला?

पुढच्याच आठवड्यात डबा घेऊन आजोबा स्वतः टेम्पोतून उतरले. भर ठाण्यात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "सुनेच्या हातचा आहे."