गरुडाच्या नावावर बोंबील

समुद्री गरुडाइतका फुकटचा मान मिळालेला पक्षी मी पाहिला नाही. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर आम्ही बांबूच्या वलांडींवर बोंबील टांगून सुकवतो. त्यांच्या मागे सुरूच्या झाडावर त्याचं घरटं आहे. येणारेजाणारे हात जोडतात, विष्णूचं वाहन म्हणून. त्यांनी घरट्याखाली जाऊन बघावं. समुद्रसापांचे सांगाडे, माशांची डोकी आणि शीट. वाहन म्हणे!

गेल्या थंडीत माझ्या वलांडीवरचे बोंबील कमी होऊ लागले. पावसाळ्यात होड्या बंद असतात, तेव्हा आमचं घर याच सुक्या बोंबलांवर चालतं. राखण कोणी ठेवत नाही. वलांडी शेजारी शेजारी असल्या तरी दुसरीच्या बांबूला हात लावायचा नाही, हे लहान पोरींनाही ठाऊक. त्यामुळे माणसाचा संशय मला आलाच नाही. गरुड मात्र रोज सकाळी माझ्याच खांबावर बसायचा.

"तोच नेतो गो, दुसरा कोन नेनार?" शेजारच्या वलांडीवरून माझी जाऊ म्हणाली. "जालं टाक वरून."

मी जुनं जाळं वलांडीवरून पार वाळूपर्यंत सोडलं. तिसऱ्या सकाळी गरुड त्यात अडकला. ओल्या गोणपाटासारखा लोंबत होता आणि बदकासारखा ओरडत होता.

घरट्याचे फोटो काढायला विरारहून एकजण रोज येत असे. तो धावत आला आणि फोटोच काढू लागला.

"आजी, सांभाळून! यांचं कूळ फार मोठं आहे. जगभर आहेत. कुणाचं डोकं पांढरं, कुणाची शेपटी, याचं पोट..."

मी वाळूवरचं एक गोणपाट उचलून त्याच्यापुढे केलं. "कूळ मागून सांग. आधी हे धर."

त्याने धरलं नाही. मीच ते पक्ष्याच्या डोक्यावर टाकलं, पाय आवळून धरले आणि कोयत्याने जाळं कापलं. नखांत बोंबील नव्हता, समुद्रसाप होता. मासे निवडताना माझा मुलगा जाळ्यात आलेले साप वलांडीखालीच फेकतो. हे महाराज त्यांच्यासाठी येत होते.

गरुड उडून गेल्यावर त्या माणसाला हुशारी आली. आठवडाभराचे फोटो मला दाखवू लागला. एकात गरुड माझ्या खांबावर ऐटीत बसलेला, आणि त्याच्या मागे जाऊ, माझे बोंबील पदरात भरताना.

"छान आलाय ना?" तो म्हणाला. पक्षी सोडून त्याला काही दिसलंच नव्हतं.

"दोघंही छान आलेत," मी म्हटलं.

तो फोटो मी त्याच्याकडून मोठा करून घेतला, प्लास्टिकमध्ये घालून खांबाला बांधला आणि जाळं काढून टाकलं. जावेने तो एकदाच पाहिला.

"गरुड बरा दिसतो," म्हणाली.

त्यानंतर माझा एकही बोंबील कमी झाला नाही. गरुड अजून येतो, आणि त्याच खांबावर बसून फोटोवर शिटतो. आठवड्यातून एकदा मी तो पुसते, पण जाऊ दिसते तेवढाच भाग.